वेग स्वस्त, ब्रेक महाग

रस्त्याकडेला एखादी पोर्शे उभी दिसली की लोक तिचा रंग बघतात, मागचा फुगीर आकार बघतात, जमलंच तर शेजारी उभं राहून फोटो काढतात. मी वाकून चाकाच्या आत बघते. ब्रेकचा कॅलिपर कुठल्या रंगाचा आहे? माझ्या गाडीच्या पिढीत त्यावरून सगळी कुंडली कळायची. काळा म्हणजे साधी कॅरेरा, लाल म्हणजे ‘एस’, आणि पिवळा म्हणजे मालकाने हौसेने कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क घेतल्यात आणि त्या बदलायची वेळ आली की त्याच्या डोळ्यांत पाणी येणार आहे. नवऱ्याला माझी ही सवय लाजिरवाणी वाटते. पण आमचं घरच ब्रेकवर चालतं, त्याला मी तरी काय करू? चिंचवडला वाढले, पुण्यात मेकॅनिकल केलं आणि आता स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घेते.

माझी गाडी २००६ सालची ९११ कॅरेरा एस. मी तिची तिसरी मालकीण. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३५५ अश्वशक्ती, शून्यावरून शंभरवर ४.८ सेकंदांत, कमाल वेग ताशी २९३ किलोमीटर. हे कंपनीचे आकडे. पुण्याला गेले की काका-मामा मंडळी दोन प्रश्न ठरलेले विचारतात: पिकअप कसा आहे आणि ॲव्हरेज किती देते? ॲव्हरेज गावात लिटरला सहा, हायवेला शांतपणे चालवली तर दहा-अकरा, आणि जोरात मारली तर विचारू नये. पिकअपचंही मी सांगते, पण त्यात आता काही विशेष राहिलेलं नाही. मुलांना शाळेत सोडणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यासुद्धा हल्ली पाच सेकंदांच्या आत शंभर गाठतात. पळणं स्वस्त झालंय. स्पोर्ट्‌स कारला जे पैसे मोजायचे ते तिच्या थांबण्याचे आणि वळण्याचे, आणि तेही एकदा नव्हे, लागोपाठ वीस वेळा तिने तसंच्या तसं थांबावं याचे.

हिशोबच मांडते. गाडी १,४२० किलोची. मी आणि थोडं सामान धरून दीड टन. ताशी २५० किलोमीटर वेगाला तिच्यात जी ऊर्जा असते ती जवळजवळ नेमकी एक युनिट भरते. महावितरणच्या बिलावर असतं तेच युनिट. ऐकायला किरकोळ. पण ब्रेकवर लाथ मारली तर हे युनिट साडेसहा सेकंदांत जिरवायचं असतं. भागाकार केला की सुमारे साडेसातशे अश्वशक्ती येते. म्हणजे इंजिन ३५५ चं आणि ब्रेक त्याच्या दुपटीहून जास्त. थोडा भार हवा उचलते, बाकी सगळा चार डिस्कवर. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे आपण नववीत शिकतो आणि गाडीत बसलो की विसरतो. शंभरवरून थांबायला ३६ मीटर लागत असतील, तर अडीचशेवरून सव्वादोनशे. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी ६९ मीटर.

एवढी उष्णता जाते कुठे? डिस्क भरीव नसते. दोन थाळ्या आणि मधे पाती, असा तिचा गाभा असतो. चाक फिरतं तशी ती मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. तरीही आमच्या टेस्ट बेंचवर लागोपाठ ब्रेक मारत गेलं की पारा पाचशे अंश ओलांडतो, आणि खोलीतले दिवे मालवले तर डिस्कच्या कडेला हळूहळू लाली चढताना दिसते. मला अजूनही ते काचेला नाक लावून बघावंसं वाटतं.

खरा धोका मात्र या लालीत नसतो, तो मागच्या ब्रेक ऑइलमध्ये असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा प्यायलेलं जुनं ऑइल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी चालवलेली असो वा नसो. हे नुसतं पोर्शेवाल्यांसाठी नाही. माणसांनी भरलेली सात सीटर घेऊन ब्रेकवर पाय ठेवूनच वरंधा घाट उतरणाऱ्यांनीही ऐकावं. खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला थोडं काम करू द्या.

जर्मनीत कुठेही कितीही जोरात जाता येतं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. ऑटोबानच्या सुमारे सत्तर टक्के लांबीवर कायमची वेगमर्यादा नाही, हे खरं. पण रस्त्याची कामं, पाऊस आणि गर्दी त्यातलं बरंच खाऊन टाकतात. १९७८ पासून ताशी १३० ही शिफारस आहे. ती मोडली तर दंड नाही. पण त्याहून वेगात असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीतला काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. पांढऱ्या गोलावर तिरक्या काळ्या रेघा असलेली पाटी आली की मर्यादा संपली. ती दिसली की सगळ्यांची मान किंचित ताठ होते, हे मात्र मी पाहिलंय.

माझी वेळ रविवारी सकाळची. रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, उजवी लेन मोकळी असते. अशाच एका रविवारी ए-८१ वर मी २३० ला होते. पुढे उजव्या लेनमध्ये एक कॅम्पर व्हॅन आणि तिच्या मागे एक छोटी निळी गाडी. दोघींमधलं अंतर कमी होत होतं. म्हणजे निळी गाडी आता बाहेर येणार. इंडिकेटर लागायच्या आधीच तिचं पुढचं चाक रेषेकडे सरकलं. मी ब्रेक पूर्ण दाबला. नाक खाली गेलं, पट्टा खांद्यात रुतला, पेडलमधून एबीएसची थरथर तळपायाला जाणवली. आणि स्टिअरिंग? ते सरळच्या सरळ, दोन बोटांत धरता यावं इतकं. दीडशे मीटरच्या आत काटा १२० वर. निळी गाडी आपल्या गतीने कॅम्परला ओलांडून परत उजवीकडे गेली. ती चालवणाऱ्या बाईंना बहुधा काही घडल्याचं कळलंही नाही, आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांनी आरशात पाहिलं असेल, तेव्हा मी लांब एक ठिपका असणार, आणि तो ठिपका १३० ने येतोय की २३० ने, हे आरशात कळत नाही. माझा वेग हा माझ्या एकटीचा मामला नसतो, तो न विचारता दुसऱ्यांच्या आरशात शिरतो.

आता पोर्शे म्हटलं आणि पुणं आठवलं नाही, असं होत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये याच कंपनीच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो तेव्हा १७ वर्षांचा, आणि जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. त्या आठवड्यात ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांनी मला विचारलं, तुमच्या गावी हे काय? मला उत्तर देता आलं नाही. ती गाडी इलेक्ट्रिक होती. तशा गाडीत पेडलवर पाय ठेवला की ताकद त्याच क्षणी हजर होते, इंजिन ओरडून सावधही करत नाही. जर्मनीत तरी सगळं आलबेल आहे असं नाही. भर वस्तीतल्या शर्यतींनी इथेही माणसं मारली आहेत. २०१७ पासून अशी शर्यत हा फौजदारी गुन्हा आहे, आणि बरोबर कोणी नसतानाही बेदरकारपणे जमेल तितका वेग गाठायला गेलात तर तो कायदा लागतो.

वळण्याचं सांगायचं राहिलं. ९११ पहिल्यांदा १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पूजो कंपनीने हक्क सांगितला म्हणून एक शून्य गेलं आणि एक आलं. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शेने काढलेली ती आकृती साठ वर्षांत फुगली, पण बदलली नाही. आणि इंजिनही तिथेच राहिलं: मागच्या चाकांच्याही मागे. माझ्या गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे. वळणातून बाहेर पडताना हे वरदान, कारण मागचे टायर रस्ता सोडत नाहीत. पण वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात, तर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची पाठ तुमच्या पुढे जायला निघते. १९७५ च्या टर्बोत २६० अश्वशक्ती आणि उशिरा, एकदम येणारा टर्बोचा धक्का होता. तिने अनेकांना शेतात उतरवलं. माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स सावरून घेतं, तरी नियम तोच: ब्रेक सरळ रस्त्यावर, मग वळा, मग गॅस, आणि एकदा गॅस दिला की मन बदलायचं नाही.

हे शिकायला मी हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर प्रशिक्षणाला गेले. वाटलं होतं, पहिल्या दिवशीच सुसाट. आमचे प्रशिक्षक साठीचे, रेडिओवर बोलणारे. सकाळभर त्यांनी फक्त ब्रेक मारायला लावले. शंभरच्या वेगाने दोन शंकूंच्या मधे यायचं आणि पेडल मोडायचंच आहे असं समजून दाबायचं. दहातल्या आठ जणांचा पाय अर्ध्यावरच थांबत होता, त्यात रोज जोरात गाडी मारणारेही होते. गाडी तयार असते. माणसाने आयुष्यात कधी पूर्ण ब्रेक मारून पाहिलेलाच नसतो. न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर ठराविक दिवशी तिकीट काढून कोणीही स्वतःची गाडी घालू शकतो. तिथे कठडा मोडला तर त्याचं बिल तुमच्या नावावर येतं आणि पुष्कळ विमा कंपन्या हात वर करतात. मी तिथे गेलेय, पण शेजारच्या सीटवर बसून.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. पूर्ण वर्षाचा रस्ताकर सुमारे २६३ युरो. गाडीला मी एप्रिल ते ऑक्टोबरची हंगामी नंबरप्लेट घेतलीय, त्यामुळे कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. नोव्हेंबरात ती रस्त्यावर उभी करणंसुद्धा चालत नाही. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी. इंजिन ऑइल एका वेळी आठेक लिटर, आणि ते गरम होईपर्यंत इंजिनाला ताणायचं नाही, मग मागे कोणी कितीही हॉर्न वाजवो. खरा पैसा टायरमध्ये जातो. पुढे २३५ मिलिमीटर रुंद, मागे २९५. बाजूला ‘वाय’ अक्षर, म्हणजे ताशी ३०० पर्यंत चालणारे. एवढं सगळं असून प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. माझे साडेसातशे अश्वशक्तीचे ब्रेक त्या चार तळहातांवर उभे आहेत. उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक पडतं, म्हणून ऑक्टोबरच्या सकाळी मी पहिले काही किलोमीटर म्हातारीसारखी चालवते.

पिंपरीतला माझा भाचा सध्या एक जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार घ्यायच्या बेतात आहे. मी त्याला बजावून सांगितलं: इंजिन नंतर बघ. आधी टायरच्या बाजूचे चार आकडे वाच, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चर खोल दिसली तरी सहा वर्षांचं रबर नको. डिस्कच्या कडेवर बोट फिरव, उंबरा लागला तर ती झिजलीय. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं त्याचा कागद माग, तोंडी सांगितलं तर ऐकू नकोस. रिकाम्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे बघून पूर्ण ब्रेक मार, गाडी एका बाजूला ओढते का बघ.

‘‘हो मावशी, बघतो सगळं,’’ तो म्हणाला. ‘‘पण आधी हे ऐक ना.’’ आणि त्याने सायलेन्सरच्या आवाजाची क्लिप पाठवली.