अळिंबीवरचा डाग नेमका कोणाचा?

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबी वाढवण्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेंढा, पाणी आणि दमट खोली एवढ्यावर येणारे हे पीक. पण तोच दमटपणा जिवाणूंनाही मानवतो. टोपीवर पिवळसर-तपकिरी डाग दिसला की ‘जिवाणूचा रोग’ म्हणून मोकळे होणे मात्र घाईचे आहे, कारण तो रंग जिवाणूचा स्वतःचा नसतो. स्यूडोमोनास टोलासी हा जिवाणू टोलासिन नावाचे विष सोडतो, ते पेशींच्या पटलाला भोके पाडते, आणि फुटलेल्या पेशींतली विकरे मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. बटण अळिंबीत हे विशेष ठळक दिसते. चिरलेले वांगे काळे पडते, त्याच जातीचा हा प्रकार. काढणीत लागलेला धक्काही अळिंबीला तपकिरीच करतो. रंगावरून जिवाणू ठरवणे म्हणजे सुजेवरून मारणारा ओळखणे!

रंगापेक्षा जागा अधिक सांगते. हा जिवाणू पाण्याच्या पातळ थरात वाढतो. म्हणून डाग दोन टोप्या एकमेकींना टेकतात तिथे, किंवा पाणी साचते त्या खोलगट भागात पडतात. ते चिकट असतात, चिरून पाहिल्यास दोन-तीन मिलिमीटरच आत गेलेले असतात, आणि त्यांवर बुरशीचे धागे नसतात. हिरवी भुकटी दिसली तर संशय ट्रायकोडर्मा बुरशीवर घ्यावा. हा फरक खिशाला कळतो, कारण बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही.

प्रयोगशाळाच का निकाल देत नाही? देते, पण तिथेही फसगत होते. टोलास यांनी १९१५ साली अमेरिकेत या रोगाचे वर्णन केले. पुढे, एका सोबती जिवाणूजवळ रेघ ओढली की मध्ये पांढरी रेषा उमटते, अशी चाचणीही निघाली. मात्र हाच जिवाणू ताटलीत वाढवताना रूप पालटून निरुपद्रवी होऊ शकतो. त्यामुळे तो निरोगी अळिंबीवर पुन्हा डाग पाडतो का, हे पाहावेच लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उपाय शेवटी हवा खेळती ठेवून टोप्या कोरड्या करण्याचाच, मग नावाचा खटाटोप कशाला? पण डाग धक्क्याचे असतील आणि आपण वारा वाढवला, तर धिंगरीचे कोवळे अंकुर सुकतात आणि बेड फुकट जातो. त्यापेक्षा दोन ताज्या टोप्या घ्याव्यात. एकीवर डागाचा अंश कालवलेले पाणी, दुसरीवर नुसते उकळून गार केलेले पाणी, आणि दोन्ही झाकून एक-दोन दिवस ठेवाव्यात. पहिलीच डागाळली तर संशय बळावतो. दोन्ही डागाळल्या तर चाचणी बाद, नव्या टोप्यांवर पुन्हा करावी.