ताण, विकरे आणि वनौषधीचे वीर्य

सांप्रत अवलेहांपासून साध्या चूर्णांपर्यंत अनेक वेष्टनांवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठळकपणे छापलेला आढळतो. खराडीसारख्या भागात रात्रपाळी, अवेळी भोजन आणि नगर रस्त्यावरील धूर हे नित्याचेच झाले आहे. तेथील तरुण रुग्ण हाच शब्द घेऊन वैद्याकडे येतात. वनस्पतीने स्वतःचे केलेले रक्षण आणि त्या वनस्पतीच्या औषधाने रुग्णाचे होणारे रक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद वैद्य व औषधनिर्माते या दोघांनीही ध्यानी घ्यावा, एवढ्यासाठी प्रस्तुत विवेचन.

संकट एक, उपाय थोडे वेगळे

प्राणवायूचा वापर करताना प्रत्येक पेशीत सुपरऑक्साइडसारखी दाहक रूपे अल्प प्रमाणात निर्माण होतातच. १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा नाश करणारे विकर दाखवून दिले. तेच सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि कॅटालेज हे विकर त्याचे पाणी व प्राणवायू यांत विघटन करते.

अवर्षणात वनस्पती पाणी राखण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेते. कार्बन डायऑक्साइडची आवक घटते, ऊन मात्र पडतच राहते. हरितलवकातील अतिरिक्त ऊर्जा मग प्राणवायूकडे वळते व दाहक रूपे वाढतात. त्यांच्या निवारणासाठी वनस्पती मुख्यत्वे क जीवनसत्त्वावर चालणारे अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज वापरते. प्राण्यांत हे कार्य बव्हंशी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज करते, आणि त्याच्या काही प्रमुख प्रकारांना सेलेनियमची आवश्यकता असते. आपल्याच जिल्ह्यात, बारामतीजवळ माळेगाव येथे, २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. अवर्षण, उष्णता व क्षारता यांचा पिके, पशुधन व मत्स्य या सर्वांवर होणारा परिणाम हा तिचा अभ्यासविषय आहे. वनस्पती व प्राणी यांचा ताण एकत्रितपणे पाहण्याची ही दृष्टी आपणांसही उपयुक्त आहे.

मात्रेचे महत्त्व

ताण सौम्य व अल्पकालीन असेल तर या विकरांची क्रियाशीलता बहुधा वाढते. तो तीव्र व दीर्घकालीन झाला तर विकरे अपुरी पडतात आणि पेशीपटलातील स्नेहाचे ऑक्सिडीकरण होते. अर्धशक्ती व्यायामाचा आपल्या शास्त्रातील उपदेश या संदर्भात अर्थपूर्ण वाटतो.

बाहेरून दिलेले प्रतिऑक्सिडीकारक हितकरच ठरतील, असेही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात चार आठवडे व्यायाम करणाऱ्यांना क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या असता व्यायामाने होणारी विकरांची वाढ व इन्शुलिनविषयक लाभ खुंटले. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले.

रुग्णापर्यंत काय पोहोचते?

विकरे ही प्रथिने आहेत. काढ्याच्या उकळीत ती बहुतांशी निकामी होतात, आणि जी उरतील त्यांचे पचनात विघटन होते. म्हणून ताज्या पानातील डिस्म्युटेजचे मापन दाखवून चूर्णाची महती सांगणे युक्त नव्हे. रुग्णापर्यंत पोहोचू शकतात ती टॅनिन, फिनॉल, विथॅनोलाइड यांसारखी लहान द्रव्ये.

ही द्रव्ये शरीराच्या स्वतःच्या विकरांना चालना देऊ शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवितात. बनारस हिंदू विद्यापीठातील भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अश्वगंधेतील शुद्ध केलेली द्रव्ये उंदरांना २१ दिवस दिली. तेव्हा मेंदूच्या काही भागांत डिस्म्युटेज, कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या तिन्ही विकरांची क्रियाशीलता वाढली. रसायनकल्पनेच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. तथापि ती द्रव्ये पोटाच्या पोकळीत टोचून दिली होती. दुधाबरोबर घेतलेल्या चूर्णाचा मनुष्यातील परिणाम त्यावरून सिद्ध होत नाही.

निर्माणशाळेत पाळावयाचे काही नियम

१. चरकसंहितेच्या कल्पस्थानात भूमी व ऋतू पाहून द्रव्यग्रहण करण्यास सांगितले आहे. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, तर साल व कंद शरदात. अश्वगंधा कोरडवाहू जमिनीत, पाने सुकू लागल्यावर काढली जाते. भरपूर पाण्यावर पोसलेले जाड मूळ पाहूनच भुलू नये. माल घेताना काढणीचा प्रदेश व महिना नोंदवून घ्यावा.

२. ताण घेतलेली वनस्पती अधिक वीर्यवान, असा सरसकट समज करून घेऊ नये. वाहतुकीच्या रस्त्याकडेच्या निंबाची प्रतिकारविकरे वाढलेली असू शकतील, परंतु त्याच्या पानांवर धूळ व जड धातूही बसतात. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष या वनौषधींच्या मर्यादा आहेत. तपासणीवाचून असा माल घेऊ नये.

३. तोडलेल्या द्रव्यातील विकरे लगेच थांबत नाहीत. चिरलेले वांगे काळे पडते ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेजमुळे. ओलसर ढिगात रेंगाळलेल्या वनौषधीतील फिनॉलही असेच नष्ट होतात. पातळ थर, खेळती हवा व सत्वर शोषण यांस पर्याय नाही.

४. वेष्टनावर 'अँटिऑक्सिडंट' छापण्यापूर्वी तो गुण परीक्षानळीत, प्राण्यांत की मनुष्यात तपासला गेला, हे स्वतःस विचारावे. आधार नसेल तर ग्रंथोक्त गुणधर्म पुरेसे आहेत.

रात्रपाळीच्या रुग्णास रसायन अवश्य द्यावे, परंतु अग्नी व कोष्ठ पाहून, आणि निद्रा व आहारकाल सावरल्यानंतर. ताणाचे मूळ कारण तसेच राहू देऊन केवळ गोळीवर विसंबणे हे ना आपल्या शास्त्रास मान्य आहे, ना आधुनिक प्रयोगांस.