घरी बसून केले तरी ते कामच!

आम्ही सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाया. १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले; पण घरात मात्र "दिवसभर घरीच तर असतेस" हेच ऐकावे लागते. मांडीवर सूप, गॅसवर भाकर, दारात रडणारे पोर; हजार विड्या काही पुऱ्या होत नाहीत आणि चिडचिड लेकरांवर निघते.

भगिनींनो, आम्ही काय केले? पाने रात्रीच भिजवून ठेवतो. मुले शाळेत गेली की चौघी एका ओट्यावर बसतो. बोलता बोलता हात चालतात, मन हलके होते. तासाभराने उठून पाठ मोकळी करतो. दिवेलागणीला सूप बाजूला! पाणी, भांडी घरच्यांनी वाटून घ्यावीत. कामगाराला विसावा हवाच.