माळावरील मोटारी आणि जमिनीचा वाफसा

शहरांतील हौशी मंडळी जीपगाड्या व मोटारसायकली घेऊन, सडक सोडून, माळरानांत व डोंगरपठारांवर धांवूं लागली आहे. चिखल उडवावा, चढ चढावे, गाडीचा जोर अजमावावा, ही त्यांतील मौज. यांत शेतकऱ्याचें काय बिघडतें, असें पुष्कळांस वाटतें. माळावर पीक नसतें. मग चाक फिरलें तर नुकसान कशाचें? या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक शेतकऱ्याच्या अनुभवांत आहे. तें माळास लावून पाहिलें जात नाहीं, इतकेंच.

वाफसा आल्यावांचून शेतांत औत घालूं नये, हें आपण लहानपणापासून शिकतों. ओली जमीन दाबली गेली म्हणजे तिचे कण एकमेकांस चिकटून बसतात व त्यांमधील हवेच्या आणि पाण्याच्या पोकळ्या मिटतात. अशा जागीं पाऊस मुरत नाहीं, मूळ खालीं उतरत नाहीं, आणि पाणी वरूनच वाहून जातांना माती घेऊन जातें. शेतांतून गाडीवाट गेली असल्यास तेथील पीक खुरटें राहतें, तें याच कारणानें. शेतांतला हा दोष नांगरानें थोडाफार निघतो. माळावर नांगर कोण घालणार? तेथें चाकोरी एकदां पडली कीं तिचा ओहळ होतो.

हा दोष किती काळ टिकतो, याचा दाखला अमेरिकेंतील मोहावी वाळवंटांत पाहावयास मिळतो. १९४२ सालीं जनरल पॅटन यांनीं त्या प्रदेशांत रणगाड्यांच्या युद्धशिक्षणाचा तळ उघडला व १९४४ सालीं तो बंद झाला. त्यास आज ऐंशी वर्षें होऊन गेलीं, तरी रणगाड्यांच्या चाकोऱ्या तेथें अद्याप दिसतात. त्या वाळवंटांत मातीवर शेवाळ, दगडफूल व सूक्ष्म जीव यांची पातळ खपली असते. तीच वाऱ्यापावसांत माती धरून ठेवते. चाकाखालीं ती क्षणांत फुटते, आणि पुन्हां धरण्यास कित्येक दशकें लागतात. पुढें तेथें हौशी स्वारांची गर्दी झाली. १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं हुकूम काढून, सरकारी जमिनींवर अशीं वाहनें कोठें चालावीं व कोठें चालूं नयेत हें ठरविण्यास खात्यांस फर्माविलें. १९७४ सालीं बार्स्टो ते लास वेगास या शर्यतींत सुमारें ३,००० मोटारसायकली धांवल्या. झालेली हानि पाहून पुढील कांहीं वर्षें त्या शर्यतीस परवानगी नाकारण्यांत आली.

आपल्या सह्याद्रीवरील सडे हें वाळवंट नव्हे. परंतु तेथील मातीही तशीच नाजूक आहे. साताऱ्याजवळील कास पठार घ्या. जांभ्या खडकावर मातीचा थर इंचांत मोजावा इतका पातळ. त्याच थरांत तेरडा, गेंद, सीतेचीं आसवें हीं फुलें पावसाळ्यांत फुलतात. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांस जागतिक वारसा ठरविलें, त्यांत हें पठार आहे. मौज करणारे अशा पठारांवर येतात ते नेमके श्रावण-भाद्रपदांत, म्हणजे माती चिंब भिजलेली असते तेव्हां. ज्या दिवशीं आपण शेतांत औत नेणार नाहीं, त्या दिवशीं तेथें दीड-दोन हजार किलो वजनाची गाडी फिरते. शिवाय टायरांच्या चिखलाबरोबर गाजरगवताचें बीं माळावर पोहोंचतें, तें निराळेंच.

महसुली दप्तरांत अशा जमिनींपुढें गायरान, पड किंवा पोटखराबा असे शब्द असतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य अशा नोंदी लिहिण्यांत गेलें आहे. आकार बसला नाहीं म्हणजे उपयोग नाहीं, असा त्यांचा अर्थ नव्हे. पठारावर मुरलेलें पाणी पायथ्याच्या झऱ्यांस व विहिरींस मिळतें; तेथील गवतावर गांवचीं गुरें जगतात. माळ बिघडला तर विहीर लौकर तळ दाखविते, आणि त्या नुकसानीची नोंद कोणत्याही उताऱ्यावर येत नाहीं.

पाहुणे आल्यानें गांवच्या तरुणांस चार पैसे मिळतात हें खरें, व ते बंद व्हावे असें कोणी म्हणणार नाहीं. पण पैसा पाहुण्यामुळें मिळतो, माळावर फिरणाऱ्या चाकामुळें नव्हे. कास येथें शुल्क घेऊन, गाड्या बाजूस ठेवून, लोकांस पायीं फुलें पाहावयास सोडतात, आणि त्या व्यवस्थेंत भोंवतालच्या गांवांच्या समितीचा हात आहे. इतर गांवांनींही ही रीत उचलावी. गाडीतळ गांवाजवळ ठेवावा. वाटाड्या गांवचाच द्यावा. पावसाळ्याचे चार महिने माळावर चाक जाऊं देऊं नये, असा ठराव ग्रामसभेंत करावा. जमीन वनखात्याची असल्यास त्या खात्याशीं बोलून वाट बंद करावी. जुन्या चाकोऱ्यांत आडवे दगड रचून पाण्याचा वेग मोडावा, म्हणजे गवत हळूहळू परत धरूं लागेल.

आपला बांध शेजाऱ्यानें वीतभर कोरला तर आपण कज्जा करण्यास उभे राहतों. माळ मात्र सर्वांचा, म्हणून त्याविषयीं कोणीच बोलत नाहीं. मृगापूर्वीं प्रत्येक गांवीं हा विषय निघावा, अशी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.