पेट्रोमॅक्सच्या पोटात बल्ब

पेट्रोमॅक्समध्ये नेमके काय उजळते? रॉकेल, असे आपण चटकन सांगून टाकू. पण रॉकेल तर चिमणीतही जळते. तिची ज्योत पिवळी, काजळी धरणारी, वाऱ्याची झुळूक आली की मान टाकणारी. मग तेच रॉकेल पिऊन गॅसबत्ती इतका पांढराशुभ्र झोत कुठून आणते, की दोन-चार बत्त्यांवर रात्रभर तमाशा रंगावा आणि डोक्यावर धरलेल्या बत्त्यांच्या उजेडात आख्खी वरात गावभर फिरावी?

हल्ली जुन्या गॅसबत्त्यांत विजेचा बल्ब बसवून त्या दिवाणखान्यात टांगायची हौस आहे. पुण्यामुंबईकडे जुना बाजार, चोर बाजार पालथा घालून लोक त्या शोधतात. मराठवाड्यात लोहाऱ्याकडे मात्र शाबूत बत्ती मिळणे नशिबाचा भाग. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर आणि आसपासच्या गावांतली दगडमातीची माळवदे खाली आली. त्यांच्याखाली माणसे गेली, तिथे माळ्यावरच्या वस्तूंचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून म्हणतो, एखादी बत्ती हाताला लागलीच तर लगेच पाना लावू नका. तिचा एकेक भाग काय करत होता ते आधी बघा. मी बघितले आणि बल्ब बाजूलाच राहिला!

सुरुवात खालून करू. पितळी टाकी काठोकाठ भरायची नसते, वर हवेला जागा ठेवायची. पंप मारला की ती हवा दाबली जाते आणि रॉकेलला नळीतून वर रेटते. इथवर सोपे आहे. पण वर चढलेले तेल तसेच जळू दिले तर भडका आणि काजळीच पदरात पडेल. म्हणून आधी छोट्या वाटीत स्पिरिट पेटवायचे. बघणाऱ्या पोरांना वाटते, लागली बत्ती! छे, अजून नळी फक्त तापते आहे. ती पुरेशी तापली की तिच्यातून चढणारे रॉकेल उकळते, त्याची वाफ होते आणि केसाएवढ्या भोकातून ती सुसाट बाहेर पडते. बत्तीचा तो ओळखीचा ‘सूंऽऽ’ आवाज या वाफेचाच.

जाताना ती वाफ आजूबाजूची हवा स्वतःबरोबर खेचून नेते. ना पंखा, ना मोटर, वाफेच्या वेगानेच हवेचा पुरवठा होतो. वरच्या नळीत दोन्ही मिसळतात, खाली वळतात आणि मेंटल नावाच्या छोट्या जाळीपाशी जळतात. आता गंमत बघा. रॉकेलची नळी बरोबर मेंटलच्या शेजारून जाते. त्यामुळे एकदा बत्ती लागली की स्पिरिटची गरजच उरत नाही, जळणारे रॉकेल मागून येणाऱ्या रॉकेलची वाफ करून देते. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कारखान्याने १९१० च्या सुमारास ही घडी बसवली. ती इतकी पक्की बसली, की जगभरच्या कारखान्यांनी तिच्या नकला केल्या आणि आपल्याकडे कुठल्याही कंपनीची बत्ती ‘पेट्रोमॅक्स’च झाली.

पण थांबा. हवा नीट मिसळली की रॉकेलची ज्योत निळसर होते, जवळजवळ दिसेनाशी. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण ज्योतीचा उजेडच घालवून बसलो! मग लख्ख काय दिसते?

दिसते ती राख.

मेंटल म्हणजे धाग्यांची विणलेली छोटी पिशवी, क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवलेली. नवे मेंटल बांधून पहिल्यांदा पेटवले की धागा जळून जातो आणि क्षारांचे ऑक्साइड मागे उरते, तेही विणीसकट. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे कुठल्या अडेल माणसाबद्दल म्हणायच्या ऐवजी मेंटलबद्दल म्हटले तर अक्षरशः खरे आहे. बोट लागले की भुगा होणारी ती जाळी हजार-दीड हजार अंशांच्या धगीत मात्र तासन्‌तास टिकून राहते.

ही युक्ती कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाची. तो बुन्सेनचा शिष्य, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याच्या नावाचा बर्नर असतो त्याच बुन्सेनचा. विरळ मृदा धातूंच्या क्षारांत धागे भिजवून ते बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरायचे आणि कोणता कसा चमकतो ते पाहायचे, हे त्याचे काम. १८८५ मध्ये त्याने पहिल्या मेंटलचे पेटंट घेतले, पण त्याचा उजेड हिरवट. कुणाला आवडेल? १८९१ मध्ये त्याला नेमके प्रमाण सापडले. थोरियमचे ऑक्साइड ९९ टक्के, सेरियमचे अवघे १ टक्का.

या एका टक्क्यापाशी मी दर वेळी अडकतो. निव्वळ थोरियमचे मेंटल धगीत ठेवले तर ते मिणमिणते. सेरियम जास्त घातले तरी उजेड उतरतो. नेमके तेवढेच पडले तर डोळे दिपतात! का? थोरियमचे ऑक्साइड ३,३०० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे त्याला ज्योतीची भीती नाही. शिवाय ते स्वतः उष्णतेचे किरण फारसे बाहेर टाकत नाही, म्हणून जाळी खूप तापते. अशा तापलेल्या जाळीत विखुरलेले थोडेसे सेरियम डोळ्यांना दिसेल असा प्रकाश टाकते. सेरियम वाढवले की जास्त ऊर्जा बाहेर पडते, जाळी निवते आणि उजेड बसतो.

आणि हे थोरियम यायचे कुठून? १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले, थोरियमचे खनिज. काथ्या झटकावा आणि दिव्याचा कच्चा माल पडावा! स्वातंत्र्यानंतर मेंटलसाठी लागणारे थोरियम नायट्रेट मुंबईजवळ ट्रॉम्बेला तयार होऊ लागले, तो कारखाना १९५५ चा. दक्षिणेच्या समुद्रकाठची वाळू अशी वळसे घेत मराठवाड्यातल्या जत्रांपर्यंत येऊन उजळत होती.

थोरियम किरणोत्सारी आहे, पण किती सावकाश! त्याचे अर्धे अणू संपायला सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात. विश्वाचे वयही एवढे भरत नाही. बत्ती खोलताना मात्र हे लक्षात असू द्या. आत जुन्या मेंटलचा पांढरा भुगा असेल तर फुंकर मारू नका, तो छातीत जायला नको. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

काचही साधी नाही. जर्मनीत येना इथल्या ऑटो शॉटने धगीत न तडकणारी बोरोसिलिकेट काच घडवली आणि तिचा मोठा खप झाला तो वेल्सबाखच्या दिव्यांच्या चिमण्यांसाठी. आज तिच्याच जातीचे चंचुपात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते. तेव्हा बत्तीची मूळ काच शाबूत असेल तर ती जपा, बल्बसाठी नक्षीदार काच शोधत बसू नका.

आता बल्ब. सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे वायर काढायला टाकीला भोक पाडणे. एक तर जुन्या टाकीत रॉकेलची वाफ कोंडलेली असते, ड्रिलची ठिणगी तिला पुरते. दुसरे, त्या भोकानंतर ही बत्ती पुन्हा कधीच पेटणार नाही. त्यापेक्षा वरचे टोपण काढा, मेंटल टांगायचे मातीचे नोझल फिरवून सोडवा आणि तिथेच होल्डर लटकवा. वायर टोपणाच्या झरोक्यातून बाहेर काढता येते. पितळेच्या कडेने ती कापली जाऊ नये म्हणून तिथे रबरी वायसर घाला. काढलेले भाग डबीत घालून बत्तीजवळच ठेवा. आणि चिंच लावून घासायच्या आधी वरचा रुपेरी मुलामा नीट पाहा, अनेक बत्त्यांच्या पितळेवर तो मूळचाच असतो. त्याला खरवडून पिवळे पितळ काढण्याची फॅशन मला मुळीच पटत नाही.

२३० व्होल्टची वायर पितळी अंगाला लागली तर आख्खी बत्ती झटका देईल, म्हणून अर्थिंगची तिसरी तार हवीच. त्याहून बरे म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी. नाहीतर लाईट गेल्यावर घरातली पेट्रोमॅक्सही विझलेली, हा विनोद पाहुण्यांसमोर घडायचा! एलईडीला भागते तरी किती? एका लिटर रॉकेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते आणि मोठी बत्ती ते आठेक तासांत संपवते. म्हणजे सव्वा किलोवॅट, जवळजवळ सगळी उष्णता. सजावटीच्या एलईडीला सात वॅट पुरे होतात.

म्हणजे वेल्सबाखची आता सुट्टी झाली का? मला तसेच वाटले होते. बल्ब आहे, वीज आहे, मेंटल कचऱ्यात. मग काचेच्या आत पिवळ्या कांड्या दिसणारा एक एलईडी बल्ब निरखून पाहा, तो बंद असतानाच. त्या कांड्यांतल्या चिप मुळात निळा प्रकाश देतात. जपानी संशोधकांना २०१४ चे नोबेल मिळाले ते या निळ्या एलईडीसाठी. नुसत्या निळ्याने घर उजळत नाही, म्हणून चिपवर पिवळा लेप देतात. काही निळा प्रकाश लेपातून निसटतो, उरलेल्याचा लेप पिवळा करतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. हा लेप इट्रियम आणि ॲल्युमिनियमच्या गार्नेट स्फटिकाचा असतो आणि त्यात चिमूटभर घातलेला धातू कोणता? सेरियम! तिथेही प्रमाण थोडेच ठेवावे लागते, फार झाले तर उजेड घटतो. या वेळी धग मात्र लागत नाही, सेरियमचे इलेक्ट्रॉन निळा प्रकाश पिऊन पिवळा सोडतात.

इट्रियमही नवखे नाही. किरणोत्साराच्या धास्तीने थोरियम मागे पडले तेव्हा बऱ्याच मेंटलवाल्यांनी त्याच्या जागी इट्रियमच घेतले. आणि एलईडी नको, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्बच हवा असे तुम्ही ठरवलेत तरी सुटका नाही. धातूच्या तारेचा पहिला चालणारा बल्ब ऑस्मियम वापरून बनवला तोही वेल्सबाखनेच. लायटरमधला ठिणगी पाडणारा खडाही त्याचाच, १९०३ चा. लोखंड मिसळलेले सेरियम.