चार आण्यांच्या ठेवीपासून अंगठ्याच्या पैशापर्यंत

पैसा सांभाळणें आणि पैसा पोहोंचविणें हीं दोन अगदीं निराळीं कामें आहेत, असें आपले वाडवडील मानीत आले. सांभाळावयाचा तो कुलपांत, नाहीं तर सोन्याच्या रूपानें अंगावर. पोहोंचवावयाचा तो सावकाराच्या हुंडीनें. इंग्रजी अमलांत टपालखात्यानें हीं दोन्ही कामें आपल्याकडे घेतलीं. १ जानेवारी १८८० पासून मनिऑर्डरीचें काम सरकारी खजिन्यांकडून पोस्टाकडे आलें, आणि १ एप्रिल १८८२ रोजीं पोस्टाची सेव्हिंग बँक सुरू झाली. परंतु एकाच छपराखालीं नांदणाऱ्या या दोन खिडक्यांची एकमेकींशीं सोयरीक जुळावयास पुढें सवाशेंहून अधिक वर्षें लागलीं. ती कशी जुळली, आणि तिच्यामुळें घरांतल्या बायकामाणसांच्या गांठीच्या पैशाचें काय झालें, हें पाहण्यासाठीं मुंबई-पुण्याकडे न वळतां आपण वऱ्हाडांतील एका तालुक्याच्या गांवीं जाऊं.

जळगांव म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें खानदेशांतील केळ्यांचें आणि सोन्याचें जळगांव उभें राहतें. बुलढाणा जिल्ह्यांतील हें दुसरें जळगांव शेजारच्या जामोदचें नांव जोडून ‘जळगांव जामोद’ म्हणविलें जातें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें, आणि आगगाडी धरावयाची तर नांदुऱ्यास जावें लागतें. १९०५ पर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं जिल्ह्यांची फेरमांडणी झाली व तो बुलढाण्यास जोडला गेला. याच तालुक्यांत भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेस तेथें शेतांत घट मांडतात, भोंवतीं धान्यें ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांची हालचाल पाहून पाऊसपाण्याचें भाकीत सांगतात. त्या भाकितावर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तें ऐकावयास दुरून माणसें येतात याचें कारण उघड आहे. कापसाच्या मुलखांत पैसा येतो तो हंगामाला एकदां, आणि जातो मात्र बारा महिने. मधल्या दिवसांत तो कोठें ठेवावा व कोणाच्या हातीं ठेवावा, हा येथल्या घराघरांतला जुना प्रश्न आहे.

या प्रश्नाला १८८२ सालच्या सेव्हिंग बँकेनें जें उत्तर दिलें तें साधें होतें. चार आण्यांपासून ठेव ठेवतां येत असे. ठेवीदाराच्या नांवाचें पासबुक मिळे, आणि पैसे काढावयाचे तर पासबुक, अर्ज आणि पूर्वींच्या सहीशीं जुळणारी सही लागे. ज्याला सही येत नसे त्याला अंगठ्यापुढें ओळखीचा साक्षीदार उभा करावा लागे. ही सारी दगदग आज आपणांस हास्यास्पद वाटेल. पण सहज हातीं न लागणारा पैसाच घरांत टिकतो, हें संसार केलेल्या कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. चहाच्या डब्याखालीं आणि तांदुळाच्या कणगींत तिनें पिढ्यान् पिढ्या दुसरें काय केलें?

या बँकेच्या मागें १८७३ सालचा जो कायदा होता त्यांतील एक गोष्ट मात्र आमच्या मतें तिच्या साऱ्या व्याजापेक्षां मोलाची होती. विवाहित स्त्रीनें ठेवलेली ठेव खुद्द तिला देतां येईल आणि तिची पोंच पुरेशी मानली जाईल, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. ज्या काळीं एकत्र कुटुंबांत तिजोरीची किल्ली कर्त्या पुरुषाच्या जानव्याला असे, आणि स्त्रीधन शास्त्रांत असलें तरी वाटणीच्या वेळीं त्याचा हिशेब क्वचितच लागे, त्या काळीं सरकारच्या वहींत बाईच्या नांवाचें एक पान असणें ही लहान गोष्ट नव्हे. तिनें त्याचा उपयोग किती केला हा वेगळा प्रश्न. खिडकीपर्यंत तिला जाऊं कोण देत होतें? तोच कायदा २०१८ सालीं नांव बदलून ‘शासकीय बचत प्रोत्साहन कायदा’ झाला आहे.

या बँकेवर लोकांचा विश्वास बसला त्याचें कारण व्याज नव्हे. १९१३ सालीं लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि तिच्या पाठोपाठ अनेक देशी बँका गडगडल्या. पुढच्याच वर्षीं ऑगस्टांत महायुद्ध पेटलें तेव्हां पोस्टांतील ठेवीदारही घाबरले व पैसे काढावयास लोटले. पोस्टानें मागणाऱ्यांस पैसे दिले, आणि यथावकाश घबराट ओसरली. वऱ्हाडाला या धड्याची उजळणी आपल्याच काळांत करावी लागली. २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस परवाना नाकारला व नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. पुढें सरकारी साह्यानें बँक सावरली व तिला परवानाही मिळाला. पण आपली ठेव निघेल कीं नाहीं या काळजींत शेतकऱ्यानें काढलेले दिवस कोणत्याही ताळेबंदांत लिहिले जात नाहींत.

याच जिल्ह्यानें उलट अनुभवही पाहिला आहे. १५ ऑगस्ट १९८६ रोजीं ७२ सभासद आणि १२,००० रुपये भांडवल यांवर राधेश्याम चांडक यांनीं बुलढाणा अर्बन पतसंस्था काढली. आज तिच्या शाखा चारशेंवर आहेत. शेतमाल गोदामांत ठेवून त्यावर कर्ज देण्याची तिची पद्धति अनेकांस माहीत आहे. भाव पडलेला असतां कापूस वा सोयाबीन विकण्याची घाई करावी लागत नाहीं, हा तिचा खरा गुण. मात्र पतसंस्था आणि बँक यांत भेद आहे, आणि तो घरांतल्या प्रत्येकानें ओळखला पाहिजे. बँकेंतील ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं.

आतां दुसऱ्या खिडकीकडे वळूं. मनिऑर्डर पोंचावयाची तर पत्ता बिनचूक पाहिजे. आणि एका राज्यांत दोन जळगांवें असलीं, तर पत्त्यांतला ‘जामोद’ गळतांच पैसा खानदेशांत जावयाचा. ही अडचण एका गांवाची नव्हे, साऱ्या देशाची होती. तिच्यावर तोड काढली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं. टपालखात्यांत मोठ्या हुद्यावर असलेले वेलणकर संस्कृतांत काव्यें व नाटकें लिहीत. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं त्यांच्या योजनेनुसार सहा आंकड्यांचा पिनकोड सुरू झाला, आणि जळगांव जामोदला ४४३४०२ हा आंकडा मिळाला. गांवाचें नांव पुसट झालें तरी चालेल, आंकडा मात्र चुकतां कामा नये, ही संवय आपणांस तेव्हांपासून लागली. ती पुढें कोठवर गेली तें खालीं येईलच.

मनिऑर्डर आणि सेव्हिंग बँक यांची गांठ घालण्याची कल्पना अगदीं नवी होती असें नाहीं. आपली पोस्टाची बँक निघाली त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८३ सालीं, ऑस्ट्रियाची टपाल बचत बँक व्हिएन्नांत उघडली, आणि तिनें त्याच वर्षीं चेकांचा व्यवहार सुरू केला. एकाच्या खात्यांतली रक्कम दुसऱ्याच्या खात्यांत लिहावयाची, नाण्यांची थैली हलवावयाचीच नाहीं! आपल्याकडे सेव्हिंग खात्यावर चेकबुकाची सोय पुष्कळ मागाहून आली; पण खेड्यांत चेक घेणार कोण? तेथें पैसा म्हणजे पोस्टमनच्या पिशवींतून निघालेल्या नोटा, आणि त्यांवर गांवासमक्ष केलेला अंगठा.

हें चित्र बदलण्यास निमित्त झालें तें रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या एका समितीचें. नचिकेत मोर हे तिचे अध्यक्ष. जानेवारी २०१४ मध्यें तिनें सुचविलें कीं, ठेवी घ्याव्या, पैसे पोंचवावे, पण कर्जें मात्र देऊं नयेत, अशा मर्यादित बँका काढाव्या. कर्जच द्यावयाचें नाहीं म्हटल्यावर तें बुडण्याचा धोकाही नाहीं. ऑगस्ट २०१५ मध्यें अकरा अर्जदारांस तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यांत टपालखातें होतें. ३० जानेवारी २०१७ रोजीं रांची व रायपूर येथें प्रयोग झाला, आणि १ सप्टेंबर २०१८ रोजीं ६५० शाखा व ३,२५० डाकघरें यांतून ‘इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक’ देशभर उघडली. आज तिचीं खातीं दहा कोटींवर गेलीं आहेत. एका खात्यांत प्रथम एक लाखच ठेवतां येत; २०२१ पासून ही मर्यादा दोन लाख झाली. पोस्टाचें जुनें सेव्हिंग खातें या नव्या खात्यास जोडतां येतें. तथापि तीं दोन खातीं एक नव्हेत. जुन्या खात्याची हमी भारत सरकारची. नवी बँक सरकारच्याच मालकीची असली तरी ती कंपनी आहे, आणि तिच्या ठेवीस इतर बँकांप्रमाणें विम्याचें संरक्षण आहे. एकाच टेबलावर दोन्ही कामें चालतात म्हणून हा भेद विसरूं नये.

नव्या व्यवस्थेंत पोस्टमन हाच बँक झाला आहे. त्याच्याजवळ मोबाईल आणि ठसा घेण्याचें लहानसें यंत्र असतें. कोणत्याही बँकेंतलें आधार-जोडणी झालेलें खातें असो, अंगठा ठेवला कीं पडताळणी होऊन एका वेळीं दहा हजारांपर्यंत रक्कम दारांत हातीं पडते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईस तालुक्याच्या गांवीं एक दिवस मोडून जाण्याचें कारण उरत नाहीं. परंतु जो अंगठा हें सारें उघडतो तोच कापूस वेंचून झिजलेला असतो. बोंडाच्या टोंकदार पाकळ्यांनीं ज्यांचीं बोटें हंगामभर सोलवटतात त्यांच्या ठशाच्या रेषा यंत्राला दिसत नाहींत, आणि आपल्याच पैशासाठीं त्यांना पुनःपुन्हा बोटें पुसून तीं दाबावीं लागतात. या अडचणीवर उपाय म्हणून २०२५ मध्यें या बँकेनें चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय काढली, हें चांगलें झालें. दुसरा धोका याच्या उलट आहे. जमिनीच्या दस्तांवरील ठशांच्या नकला करून खातीं रिकामीं केल्याचे प्रकार निरनिराळ्या राज्यांत उघडकीस आले आहेत. आधारचे ठसे आपल्या इच्छेनें कुलूपबंद करून ठेवतां येतात. पण ही सोय आहे हेंच बहुतेकांच्या गांवीं नसतें.

ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रांत ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना पंधराशें रुपये स्त्रियांच्या आधार-जोडणी झालेल्या खात्यांत थेट जमा होऊं लागले. योजनेच्या राजकारणांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. चार आण्यांच्या वहींत जें पान बाईसाठीं दीडशें वर्षांपूर्वीं राखून ठेवलें होतें तें भरण्याची निकड घराघरांत एकाएकीं उत्पन्न झाली. सासवा, सुना, नणंदा यांनीं आधारपत्रें घेऊन डाकघरांपुढें रांगा लावल्या. ज्या घरांत बायकांचें खातें म्हणजे नसती उठाठेव असें म्हणत, त्याच घरांतले पुरुष त्यांना दुचाकीवर बसवून घेऊन आले.

पण खातें तिच्या नांवाचें झालें तरी चालतें कोणाच्या हातांत? जुन्या काळीं पासबुक, सही व साक्षीदार जुळवून आणीपर्यंत घरांतल्या दुसऱ्या कोणास तिची ठेव गुपचूप काढणें कठीण होतें. आतां खातें मोबाईलच्या एका क्रमांकास बांधलेलें असतें, आणि एकत्र कुटुंबांत असा मोबाईल बहुधा थोरल्या मुलाच्या खिशांत असतो. चार बायकांच्या चार खात्यांस एकच क्रमांक दिलेला असला, तर पैसे जमा झाल्याचा निरोपही तिला नव्हे, त्याला प्रथम कळतो. पैसे पाठविण्याचा गुप्त आंकडा त्यानेंच ठरविला असला तर पुढचें बोलावयासच नको. २०१६ सालीं आलेल्या यूपीआयमुळें तर गांवाचें नांवही लिहावें लागत नाहीं, मोबाईल क्रमांक पुरतो. आणि त्यांतला एक आंकडा चुकला तर पैसा खानदेशांतल्या जळगांवीं नव्हे, देशांतल्या कोणत्याही अनोळखी माणसाकडे जातो. पाठविण्यापूर्वीं पडद्यावर उमटणारें नांव वाचणें हीच येथें पिनकोडाची जागा. तें वाचतां येणें हें आतां सुनेला भाकरी येण्याइतकेंच अगत्याचें झालें आहे, आणि सासूलाही.

ज्या घरांत असे सामाईक क्रमांक असतील त्यांनीं एवढें करावें. घरांतल्या प्रत्येक खातेदार बाईचा स्वतःचा क्रमांक घ्यावा, साधा मोबाईल असला तरी चालेल. गुप्त आंकडा तिनें स्वतः ठरवावा, आणि पैसे आपल्याकडे येण्यासाठीं तो आंकडा कधींही लागत नाहीं, फक्त जाण्यासाठीं लागतो, हें तिला समजावून द्यावें. कारण ठकांचा सारा धंदा याच अज्ञानावर चालतो. आधारवरील मोबाईल क्रमांक बदलून देण्याचें काम जुलै २०२१ पासून पोस्टमनकडेही आहे. त्यासाठीं जिचें आधार ती बाई समोर असावी लागते आणि अंगठा तिचाच लागतो. थोरल्या मुलाचा चालत नाहीं.