अंगणातलं आभाळ: वऱ्हाडातली जुनी मुस्लिम घरं

आज आपण एका घरात शिरायचा प्रयत्न करणार आहोत. प्रयत्न अशासाठी म्हटलं, की हे घर अनोळखी माणसाला पटकन आत घेत नाही. ते बांधलंच तसं आहे.

अकोल्याचं जुनं शहर, बाळापूर, अचलपूर, अमरावतीत नागपुरी गेटचा भाग. या वस्त्यांत आता स्लॅबची घरंच जास्त दिसतात, पण मधूनच एखादं जाड मातीच्या भिंतींचं, लाकडी दाराचं घर उभं असतं. वऱ्हाडात ही वस्ती फार जुनी आहे. अचलपूर म्हणजे तेव्हाचं एलिचपूर. १४९० साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने इमादशाही सुरू केली तेव्हा तेच राजधानीचं गाव होतं. पुढे निजामाच्या काळात तिथे नवाब होते. बाळापूरचा किल्ला १७५७ साली पुरा झाला तो त्यांच्याच हाताखाली. पण आपल्याला आज किल्ले नकोत, घरं हवीत.

दारापासून सुरू करू. दार उघडलं की समोर अंगण दिसायला हवं ना? नाही दिसत. समोर भिंत येते. आधी देवडी, म्हणजे दाराजवळची छपराखालची जागा. तिथून वळण घ्यायचं, मग अंगण. दार दिवसभर सताड उघडं राहिलं तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते कळत नाही. कुराणात सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी मागूनच जावं असा आदेश आहे. देवडीचं वळण म्हणजे तोच आदेश मातीविटांत केलेला. घरातला पुरुषसुद्धा इथे खाकरतो, हाक देतो, मग पुढे जातो. कारण आत शेजारची बाई येऊन बसलेली असू शकते.

पाहुणा आला तर? त्याच्यासाठी बैठक. बैठकीला रस्त्याच्या बाजूने स्वतःचं दार असतं. पाहुणा त्या दाराने येतो, बसतो, जेवतो, झोपतोसुद्धा, आणि परत जातो. घर त्याला दिसतच नाही. ताटं आतून येतात ती एखाद्या लहान पोराच्या हातून किंवा पडद्याआडून.

आता हे सगळं ठरतं कशावरून? महरम आणि नामहरम या दोन शब्दांवरून. ज्याच्याशी बाईचं लग्न कधीच होऊ शकत नाही तो महरम: बाप, भाऊ, मुलगा, सख्खा काका, सख्खा मामा, सासरा. बाकीचे नामहरम. गंमत अशी की चुलतभाऊ नामहरम, कारण त्याच्याशी लग्न चालतं. दीरही नामहरम. पण दीर तर त्याच घरात राहतो! मग एकत्र कुटुंबात तडजोड होते. डोक्यावर ओढणी येते, दीर अंगणात आला की आवाज देतो, प्रत्येक लग्न झालेल्या मुलाला दालनामागे एक वेगळी कोठरी मिळते. नियम पुस्तकात असतो, पण घर चालवताना तो असा थोडा वाकवावाच लागतो.

या घराची रचना खरी कळते ती निकाहच्या दिवशी. काझी आणि नवरदेव बैठकीत किंवा मांडवात, नवरी आत बायकांमध्ये. मग वकील आणि दोन साक्षीदार उठतात, आत जातात, नवरीला विचारतात आणि तिचा होकार घेऊन बाहेर येतात. तो होकार बाहेर पोचला की निकाह. म्हणजे सगळं लग्न त्या आतल्या आणि बाहेरच्या भागाला जोडणाऱ्या एका दारातून होतं. हा विधी ज्याने पाहिलाय त्याला घराचा नकाशा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, की राजेहो, आमच्या आजोळच्या वाड्यातही देवडी होती, चौक होता, बायका माजघरातच असायच्या. बरोबर आहे. नुसता नकाशा बघून धर्म ओळखता येत नाही. दिवाणखाना, दालन, हौद, पडदा, जनाना हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी वाड्यात कायमचे राहिले. मोठ्या मराठा घराण्यांतही जनाना होता. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा जाड मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीचा धाबा आणि मधलं उघडं अंगण सगळ्यांनाच लागायचं.

फरक आहे तो बारीक गोष्टींत, आणि मला तोच जास्त रंजक वाटतो. सोवळं पाळणाऱ्या घरात सगळ्यात आतली, सगळ्यात जपलेली जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि देवघर. पाळीच्या दिवसांत बाईला तिथे मज्जाव. मुस्लिम घरात त्या दिवसांत नमाज नसते, पण चूल तिला बंद नसते. त्यामुळे स्वयंपाकघर अंगणाच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेवर असलं तरी चालतं. इथे जपलेली जागा म्हणजे बायकांचं बसणं-उठणं.

दिशेचंही तसंच. मक्का वऱ्हाडातून जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. नमाज त्या दिशेने, म्हणून झोपताना पाय पश्चिमेला करत नाहीत. संडासात बसताना तोंड किंवा पाठ त्या दिशेला नको, म्हणून बैठक उत्तर-दक्षिण. मिस्त्री कुठल्याही धर्माचा असो, मोहल्ल्यात काम करणाऱ्याला हे विचारावं लागत नाही. आणि भिंतीत ताक असतो. ताक म्हणजे प्यायचं ताक नव्हे हं, कोनाडा! त्यातल्या उंचावरच्या ताकात कापडात गुंडाळलेलं कुराण.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे. हे जे वर्णन केलं ते खात्यापित्या घराचं. देवडी, बैठक, जनाना, प्रत्येक मुलाला कोठरी, यासाठी जागा लागते आणि पैसा लागतो. मोमीन विणकराच्या घरात एकच खोली, तीतही माग. तिथे पडदा म्हणजे दाराला लावलेलं तरटाचं कापड. पुन्हा पूर्णेकाठचा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. श्रीमंताकडे भिश्ती पखाल घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, म्हणजे बायका आत जातील. गरिबाघरची बाई स्वतः घागर घेऊन निघायची. पडदा हा धर्माइतकाच ऐपतीचाही मामला होता.

मग ही घरं गेली कुठे? बरीचशी वाटणीत गेली. सोपं गणित करू. समजा, ४० फूट रुंदीचा वाडा आहे. मालक वारला. मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. मुस्लिम वारसा नियमाने विधवेला आठवा हिस्सा, म्हणजे ५ फूट. उरलेल्या ३५ फुटांत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक: १४, १४ आणि ७. आता या ४० फुटांत अंगण कोणाचं? सगळ्यांचं, म्हणून कोणाचंच नाही. पहिली भिंत पडते ती अंगणातूनच. मुलीचे ७ फूट बहुतेकदा कागदावरही राहत नाहीत. "माहेर तुटायला नको" म्हणून ती सोडून देते. हक्कसोडपत्र हा शब्द महाराष्ट्रात कुठल्याच धर्माच्या बाईला नवा नाही.

उरलेल्या तुकड्यांवर स्लॅब पडतो, वर मजले चढतात. दुसऱ्या वस्तीत भाड्याने घर बघायला गेलं की आधी नाव विचारतात, त्यामुळे पुढची पिढीही त्याच मोहल्ल्यात, त्याच गल्लीत वर वर चढत जाते. गच्ची मिळते खरी, पण शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरून ती पूर्ण दिसते. मग ग्रिलला हिरवं कापड बांधतात. बिल्डरच्या फ्लॅटमध्ये तर दार उघडलं की थेट हॉल, हॉलमधून थेट किचन. लोक मधे पडदा लावतात. देवडीचं काम आता दोन मीटर कापड करतं.

याची किंमत कोण देतं ते इद्दतमध्ये दिसतं. नवरा वारल्यावर बाईने ४ महिने १० दिवस घरात राहायचं असतं. गरजेपुरतं बाहेर जायची मुभा आहे, पण राहणं घरातच. अंगणाच्या घरात हे दिवस जड असले तरी तिथे ऊन होतं, निंबाची सावली होती, खिडकीच्या दारातून, म्हणजे दोन घरांमधल्या छोट्या दारातून, येणाऱ्या शेजारणी होत्या. रात्री वर आभाळ होतं. तेच ४ महिने १० दिवस वन बीएचकेमध्ये काढून बघा. हॉलमध्ये भेटायला आलेले पुरुष, म्हणून ती बेडरूममध्ये. बेडरूमची खिडकी शेजारच्या भिंतीला टेकलेली. प्रथा तीच राहिली, पण जिच्या आधाराने ती निभावली जायची ती जागा निघून गेली.

मला कोणी विचारलं की जुनी घरं चांगली होती का, तर मी लगेच हो म्हणणार नाही. त्या अंगणात बायकांना आभाळ मिळत होतं, पण तेवढंच मिळत होतं. रस्ता नव्हता. आज त्यांच्या नाती कॉलेजला जातात, स्कूटी चालवतात. पण घरी राहिलेल्या आजीच्या वाट्याचं आभाळ गेलं, आणि नवीन नकाशा काढताना तिला कोणी विचारलं नाही.

बरं, एक काम करा. तुमच्या घरी नानी, दादी, आजी कोणी असेल, तर त्यांना विचारा की जुन्या घरात त्या दुपारी कुठे बसायच्या आणि शेजारी जायचं दार कुठे होतं. दोन मिनिटांचा व्हॉइस नोट करून पाठवा. बाळापूर-अचलपूरवाल्यांनी तर नक्कीच. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवू.